पानांवरच्या बुळबुळीत थरावर तळं जगतं का?

मागच्या अंकात तलावातल्या पाणवनस्पतींबद्दल एका ओळीत लिहिलं होतं की त्यांच्या पानांवर चिकटून वाढणारं शेवाळ हे माशांचं मोठं खाणं असतं, आणि त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. काही प्रश्न थोडे छाटलेत, अर्थ तोच ठेवलाय.

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या गावात जुना मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे. पाण्याखाली गवतासारखी लांब लांब झाडं आहेत आणि हात लावला की त्यावर हिरवट तपकिरी बुळबुळीत थर लागतो. आता गावात ठरायला लागलंय की मशीन लावून सगळं काढून तलाव एकदम साफ करायचा. आमच्याकडचे म्हातारे ढीवर, म्हणजे मासेमारी करणारे, म्हणतात असं केलं तर मासळी जाईल. एवढ्याशा चिकट थरावर मासे जगतात का खरंच? की उगाच भीती आहे? (गोंदिया जिल्ह्यातून एक वाचक)

दादा, त्या म्हाताऱ्यांना ग्रामसभेत बोलायला पुढे बसवा, कारण ते सांगतायत तेच जगभरच्या तळ्यांवर मोजमाप करणाऱ्यांनीही सांगितलंय.

तो थर म्हणजे एकच एक काही नसतं. मायक्रोस्कोपखाली चिमूटभर ठेवलं तर त्यात डायटम दिसतात, म्हणजे सिलिकाच्या पारदर्शक डबीत राहणारं एकपेशीय शेवाळ, त्यातलं कॉक्कोनीस पानाला अगदी सपाट चिकटून पडलेलं असतं आणि गॉम्फोनीमा स्वतः तयार केलेल्या देठावर उभं असतं, मग ईडोगोनियमसारखे हिरवे धागे असतात, रिव्ह्युलारिया, ग्लिओट्रिकिया अशी निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ती मंडळी असतात ज्यांना हवेतला नायट्रोजन पकडता येतो, शिवाय बॅक्टेरिया, चुन्याचे कण, बसलेला गाळ, आणि हे सगळं खाणारे बारीक किडे. तपकिरी रंग बहुतेक वेळा डायटमचा असतो, घाणीचा नाही, हे गावात आवर्जून सांगा कारण तपकिरी दिसलं की लोकांना घाणच वाटते.

आता मुख्य मुद्दा. हा थर वजनाला काहीच भरत नाही, मान्य. पण तळ्यात किती उभं आहे आणि रोज किती तयार होतंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. वडापावच्या गाडीवर कधीही बघा, परातीत वीस-पंचवीसच वडे दिसतात, पण संध्याकाळपर्यंत हजार खपलेले असतात. पानावरच्या शेवाळाचं तसंच, ते काही दिवसांत दुप्पट होतं आणि तेवढंच खाल्लं जातं, म्हणून बघावं तेव्हा थर पातळच. उलट ज्या तळ्यात तो थर जाड आणि लोंबणारा दिसतो तिथे बऱ्याचदा खाणारे कमी झालेले असतात.

आकडे हवे असतील तर अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या लॉरेन्स लेकचे सांगते, कारण एका तळ्याचा असा पूर्ण जमाखर्च फार कमी ठिकाणी मांडलाय. तळं छोटं आहे, पाचेक हेक्टरचं, पण १२ मीटरपेक्षा खोल, पाणी चुनखडीचं आणि स्वच्छ. रॉबर्ट वेट्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वर्षभरात कोण किती कार्बन बांधतं, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाने किती अन्न तयार करतं, ते मोजलं आणि १९७२ साली छापलं. अख्ख्या तळ्याच्या क्षेत्रफळावर पसरवून दर चौरस मीटरला वर्षाला मोठ्या पाणवनस्पतींनी ८७.९ ग्रॅम कार्बन बांधला, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाने ४३.४ ग्रॅम, झाडांवर चिकटलेल्या शेवाळाने ३७.९ ग्रॅम, आणि तळाच्या गाळावरच्या शेवाळाने फक्त २. म्हणजे साधारण २२ टक्के उत्पादन या चिकट थराचं. आणि यात लक्षात घ्या की तरंगणारं शेवाळ तळ्यात सगळीकडे असतं, चिकटलेलं मात्र झाडं आहेत तिथेच, म्हणजे काठच्या पट्ट्यात. एवढ्याशा पट्ट्यात राहून ते अख्ख्या तळ्यातल्या तरंगत्या शेवाळाच्या जवळपास पोचतं.

तुम्ही म्हणाल की मग झाडांचे ८७.९ तर सगळ्यात जास्त, मासे तेच खात असतील. तर तसं नाहीये. मोठ्या पाणवनस्पती जिवंतपणी फार कमी खाल्ल्या जातात, आपल्याकडे वारकरी पक्षी हायड्रिला या पाणवनस्पतीचे शेंडे खातात, काही मासे खातात, पण त्यातला बराच भाग शेवटी कुजून तळाशी जातो, कारण त्यांच्यात सेल्युलोज जास्त आणि प्रथिनं कमी. पानावरचं शेवाळ ताजं ताजं खाल्लं जातं. डायटममध्ये तर माशांना लागणारी लांब साखळीची चरबीची आम्लं पण असतात, जी पाणवनस्पतींच्या पानातून फारशी मिळत नाहीत. गोगलगायी, मेफ्लाय आणि कायरोनोमिड या उडणाऱ्या किड्यांच्या पाण्यातल्या अळ्या, बारीक कोळंबी हे सगळे पान खरवडून खातात आणि मासे त्यांना खातात, आणि रोहू तर थेट खरवडतो.

माशाच्या अंगातला कार्बन नेमका कुठून आला हेसुद्धा शोधता येतं. कार्बनचे दोन टिकाऊ प्रकार असतात, १२ वजनाचा आणि १३ वजनाचा. शेवाळाला हलका १२ आवडतो, पण पानाला चिकटून बसलेल्या शेवाळाभोवती पाण्याचा एक न हलणारा पातळ पापुद्रा असतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सावकाश पोचतो, त्यामुळे त्याला निवड करायला फारसा वाव नसतो, जो मिळेल तो घ्यावा लागतो, म्हणून त्याच्यात १३ चं प्रमाण तरंगत्या शेवाळापेक्षा जास्त राहतं. ही खूण खाणाऱ्याच्या अंगात जवळपास तशीच उतरते. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांतल्या माशांच्या अंगातल्या कार्बनची अशी माहिती आणि पोटातल्या खाण्याची माहिती एकत्र करून जेक व्हँडर झँडन आणि यव्हॉन वाडेबॉनकर यांनी २००२ मध्ये दाखवलं की माशांच्या खाण्यातला दोन तृतीयांशाच्या आसपासचा वाटा हा काठ आणि तळाच्या बाजूच्या अन्नातून येतो, मधल्या उघड्या पाण्यातून नाही. त्यात दगडांवरचं आणि गाळावरचं शेवाळही आलं, फक्त पानांवरचं नाही, पण तुमचा तलाव उथळ आणि गाळाचा असेल, दगड नसतील, तर चिकटायला जागा म्हणजे झाडंच.

म्हणून जागा काढून घेतली की खाणं गेलं, इतकं ते सरळ आहे. बांगलादेशात तर मत्स्यशेती करणारे तळ्यात मुद्दाम बांबू रोवतात, त्यावर शेवाळ चढतं आणि रोहू ते खातात, आणि तशा तळ्यांत रोहूचं उत्पादन बिनबांबूच्या तळ्यांपेक्षा चांगलंच जास्त आलेलं मोजलंय. तुमच्याकडे बांबूचं काम फुकटात झाडं करतायत.

आता करायचं काय. बेशरमाची झुडपं काढा, जलपर्णी असेल तर ती काढा, डोंगा जायला वाट मोकळी करा, शिंगाड्याची जागा ठरवून घ्या, पण पाण्याखालचं सगळं एका दमात काढू नका. काढलंच तर पट्ट्यापट्ट्याने आणि काढलेलं पाण्याबाहेर लांब नेऊन टाका, काठावर ढीग केला तर पहिल्या पावसात सगळं खत परत तलावात. आणि गवत्या मासा सोडू नका, तो झाडं फस्त करतो, मग थर कशावर वाढणार. भंडारा-गोंदियात काही गावांत ढीवर बायका-पुरुषांनी उलट काम केलंय, बेशरम उपटून पाण्याखालची स्थानिक झाडं परत लावलीत, कारण झाडं गेली की देशी मासळी जाते हे त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं. ग्रामसभेच्या आधी तशा एखाद्या गावात जाऊन या.

प्रश्न : मॅडम, आमच्या नदीवर दर उन्हाळ्यात जलपर्णीचा गालिचा असतो. तिच्या मुळांवर पण असं शेवाळ येतं ना? मग जलपर्णी पण चांगलीच म्हणायची का? (पिंपरी-चिंचवडहून एक वाचक)

मुळांवर येतं, कडेकडेला, जिथे ऊन पोचतं तिथे. पण गालिच्याच्या मधोमध खाली अंधार असतो आणि अंधारात शेवाळ अन्न तयार करू शकत नाही, फक्त श्वास घेतं आणि ऑक्सिजन संपवतं. शिवाय त्या सावलीत पाण्याखालची झाडं मरतात, म्हणजे खरी जागा जाते. तरंगणारं झाड आणि बुडालेलं झाड यांना एकाच मापाने मोजू नका.

प्रश्न : ताई, आम्ही मिशिगनमध्ये राहतो, घरामागे छोटा लेक आहे आणि तिथल्या असोसिएशनचे लोक दर वर्षी मिलफॉइल (पाण्याखाली वाढणारं झाड) वाढलं म्हणून तणनाशक मारायचं म्हणतात. आम्हाला मीटिंगमध्ये काय बोलावं कळत नाही, आम्ही नवीन आहोत. (मिशिगन, अमेरिकेहून एक वाचक)

वर ज्या लॉरेन्स लेकचे आकडे दिले ते तुमच्याच राज्यात, हिकरी कॉर्नर्स गावाजवळ आहे, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या केलॉग बायोलॉजिकल स्टेशनच्या परिसरात. मीटिंगमध्ये हेच उदाहरण द्या, आपल्या घरापासून जवळच्या तळ्याचं बोललं की लोक ऐकतात.

युरेशियन मिलफॉइल तिकडे बाहेरून आलेलं आहे आणि ते खरंच डोईजड होतं, त्यामुळे काहीच करू नका असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही दोन-तीन गोष्टी विचारा. औषध फक्त मिलफॉइलवर चालतं का स्थानिक झाडांवरही, एकाच वेळी अख्ख्या लेकवर मारणार का थोड्या भागावर, आणि मेलेली झाडं पाण्यातच कुजणार का. कारण कुजताना ऑक्सिजन खर्च होतो आणि झाडांच्या अंगातला फॉस्फरस पाण्यात सुटतो, आणि तो घ्यायला पानांवरचं शेवाळ नसेल, पानंच नसल्यामुळे, तर मग तरंगतं शेवाळ घेतं आणि स्वच्छ पाणी हिरवं होतं. मिलफॉइलच्या जागी स्थानिक झाडं येऊ द्यायचा प्लॅन असेल तर पाठिंबा द्या, नुसता मोकळा निळा लेक हवा असेल तर विरोध करा.

प्रश्न : मी एमएस्सी बॉटनीला आहे, पुण्यात. एक गोष्ट समजत नाहीये की पान पण फोटोसिंथेसिस करतं आणि त्यावरचं शेवाळ पण करतं, दोघंही ऑक्सिजन सोडतात, मग कुणाचा किती हे वेगळं कसं काढतात? पुस्तकात सरळ आकडे दिलेले असतात.

प्रश्न फार योग्य आहे आणि याचं एकच साफ उत्तर आजही नाही, प्रत्येक पद्धतीत काहीतरी सोडून द्यावं लागतं, आणि म्हणूनच पुस्तकातला आकडा वाचताना पद्धत आधी वाचायची सवय लाव.

ऑक्सिजनवरून मोजायची उजेड-अंधार बाटल्यांची पद्धत (एक बाटली उजेडात, एक अंधारात ठेवून ऑक्सिजनचा फरक बघायचा) जुनी, गार्डर आणि ग्रान यांची १९२७ ची, ती तरंगत्या शेवाळासाठी होती. पाणवनस्पतीला ती लावली की पहिली अडचण येते ती पानाच्या आतल्या हवेच्या पोकळ्यांची, झाड तयार केलेला ऑक्सिजन तिथे साठवून ठेवतं आणि नंतर वापरतं, त्यामुळे बाटलीतल्या पाण्यात जेवढा दिसतो तेवढाच तयार झाला असं म्हणता येत नाही. म्हणून डेन्मार्कच्या स्टीमान नील्सन यांची १९५२ ची किरणोत्सारी कार्बन-१४ ची पद्धत आल्यावर बऱ्याच लोकांनी ती घेतली. कार्बन-१४ पाण्यात घालायचा, झाडाला उजेडात ठेवायचं, मग पान आणि थर वेगळे करून कुणाच्या अंगात किती गेला ते मोजायचं. लॉरेन्स लेकवर हॅरोल्ड ॲलन यांनी अशाच पद्धतीने काम केलं.

पण वेगळे करायचे कसे? बाटलीत जोरात हलवलं तर उभं असलेलं, देठावरचं शेवाळ निघतं, कॉक्कोनीससारखं सपाट चिकटलेलं राहतंच. ब्रशने घासलं तर पानाच्या पेशी फाटतात. आणि काढून मोजलं तर आणखी एक चूक होते, थरात वरच्याच्या सावलीत असलेल्या खालच्या पेशींना आता मोकळा उजेड आणि मोकळं पाणी मिळतं, मग त्या पानावर होत्या त्यापेक्षा जास्त काम करतात, म्हणजे आकडा फुगतो.

यावर तोडगा म्हणून कृत्रिम पानं वापरतात, प्लॅस्टिकच्या पट्ट्या झाडाच्या आकाराच्या करून तळ्यात लावायच्या, त्यावर शेवाळ चढू द्यायचं, इथे ज्यावर शेवाळ वाढतं ते पान जिवंत नाही म्हणून जे काही फोटोसिंथेसिस होईल ते थराचंच. मग लगेच वाद सुरू होतो की जिवंत पान आणि प्लॅस्टिक सारखं असतं का. कॅनडातल्या मेम्फ्रेमागॉग लेकवर अँटोनेला कात्तानेओ आणि जेकब काल्फ यांना दोन्हींवरचं उत्पादन जवळपास सारखं आढळलं, म्हणजे त्यांच्या मते झाड ही फक्त उभं राहायची जागा. वेट्झेल यांच्या गटाने याच्या विरुद्ध बाजू मांडली, त्यांनी दाखवलं की जिवंत झाड विद्राव्य सेंद्रिय कार्बन पाझरतं आणि मुळातून गाळातला फॉस्फरस वर आणतं, आणि तो पानाला घट्ट चिकटलेल्या शेवाळाला मिळतो, बाहेरच्या टोकाच्या शेवाळाला मात्र पाण्यातूनच घ्यावा लागतो.

मला यात असं वाटतं की दोघंही आपापल्या तळ्यापुरते बरोबर आहेत. पाण्यात फॉस्फरस मुबलक असेल तर झाडाकडून चार थेंब मिळाले काय न मिळाले काय, फरक दिसणार नाही. पाणी खूप स्वच्छ आणि उपाशी असेल, लॉरेन्स लेकसारखं, जिथे चुन्याबरोबर फॉस्फरसही खाली बसतो, तिथे तेच चार थेंब महत्त्वाचे. तू ज्या तळ्यावर काम करशील त्याचा फॉस्फरस आधी मोज आणि मग पद्धत ठरव. अजून एक, उत्पादन पानाच्या क्षेत्रफळाला दिलंय का तळाच्या, हे बघितल्याशिवाय दोन पेपरांची तुलना करू नकोस, मिलफॉइल किंवा सेरॅटोफायलमसारखी बारीक चिरलेल्या पानांची झाडं असली तर एक चौरस मीटर तळावर कितीतरी चौरस मीटर पान उभं असतं आणि सगळा आकडाच बदलतो.

प्रश्न : एकीकडे तुम्ही म्हणता हे शेवाळ चांगलं, पण आमच्या इथल्या तलावात मी स्वतः बघतोय की पानांवर इतका जाड थर येतो की झाडं पिवळी पडून मरतात. मग हे शेवाळ झाडाचा मित्र की शत्रू? (नागपूरहून एक वाचक)

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि माझं आधीचं उत्तर पण बरोबर आहे. थर पातळ आणि रोज खाल्ला जाणारा असेल तोपर्यंत झाडाला चालतो. जाड झाला की पानाला उजेड मिळत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडही मिळत नाही कारण पाण्यात तो हवेच्या मानाने जवळजवळ दहा हजार पट सावकाश पसरतो आणि मध्ये हा जाड थर.

यावरचं सगळ्यात गाजलेलं काम इंग्लंडच्या नॉर्फोक ब्रॉड्सचं आहे. ही तळी नैसर्गिक वाटतात पण ती मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेल्या झाडांचा थर) खणून काढलेल्या खाणी आहेत, नंतर पाणी भरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणी काचेसारखं आणि खाली कॅराची (झाडासारख्या दिसणाऱ्या मोठ्या शेवाळाची) कुरणं, मग सांडपाणी आणि शेतातली खतं येत गेली, आणि शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक ब्रॉड्समधली पाण्याखालची झाडं गेली आणि पाणी हिरवट गढूळ झालं. सगळ्यांना वाटायचं की तरंगतं शेवाळ वाढलं, पाणी हिरवं झालं, खाली उजेड गेला नाही म्हणून झाडं मेली. फिलिप्स, एमिन्सन आणि ब्रायन मॉस यांनी १९७८ मध्ये म्हटलं की क्रम उलटा आहे. पाणी अजून स्वच्छच असतं तेव्हाच जास्तीच्या खतावर आधी पानांवरचं चिकट शेवाळ आणि धाग्यांचं शेवाळ वाढतं, ते झाडांना झाकतं, झाडं कमजोर होतात, आणि झाडं कमजोर झाल्यावर मग तरंगत्या शेवाळाला रान मोकळं. म्हणजे वरून पाणी ठीक दिसत असताना पानांवर धोक्याची खूण आलेली असते. तुमच्या तलावाचं पाणी अजून नितळ असेल आणि थर जाड होत असेल तर आत्ताच काहीतरी करायची वेळ आहे, पाणी हिरवं झाल्यावर मागे फिरणं फार अवघड जातं.

पण खत हे एकटंच कारण नाही, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्वीडनच्या क्रिस्टर ब्रोनमार्क यांनी प्रयोग करून दाखवलं की गोगलगायी असतील तर सेरॅटोफायलम ही पाणवनस्पती जास्त चांगली वाढते, कारण त्या पान न खाता पानावरचा थर खातात. आणि त्या गोगलगायी खाणारे मासे वाढले की थर वाढतो आणि झाडं मागे पडतात. पुढे २००३ मध्ये आयवन जोन्स आणि कार्ल सेयर यांनी नॉर्फोकच्याच भागातल्या उथळ तळ्यांत बघितलं तर झाडं किती टिकतात हे थराच्या जाडीवर ठरत होतं, थराची जाडी खाणाऱ्या किड्या-गोगलगायींवर, आणि त्यांची संख्या माशांवर, पाण्यातल्या खताशी तितका थेट संबंध लागत नव्हता.

आपल्याकडे हे जसंच्या तसं लागू करायला मी तयार नाही. उष्ण भागातली तळी वेगळी वागतात. मारियाना मेरहॉफ यांच्या गटाने उरुग्वे आणि डेन्मार्कच्या तळ्यांत सारखीच कृत्रिम झाडं लावून बघितली, तर उरुग्वेत बारीक मासे भरपूर, किडे कमी, म्हणजे हिशेबाने थर जास्त हवा, प्रत्यक्षात तो डेन्मार्कपेक्षा कमी निघाला. म्हणून आपल्या तलावाचं आपणच बघायला हवं. तुमच्या इथे एक काम करा, वीसेक पानं काढून प्रत्येकावर किती गोगलगायी आणि अंडी आहेत ते मोजा, थर जाड असलेल्या बाजूला आणि पातळ असलेल्या बाजूला. शिवाय सांडपाण्याचा नाला, कपडे-भांडी धुवायचा घाट, मूर्ती-निर्माल्याची जागा कुठे आहे ते नकाशावर लिहा. जाड थर नाल्याजवळच असेल तर दोष खताचा, आणि सगळीकडे सारखा असून गोगलगायी दिसतच नसतील तर माशांची कोणती जात सोडली आहे ते मत्स्य सोसायटीला विचारा.

प्रश्न : घरच्या फिश टँकमध्ये झाडांच्या पानांवर तपकिरी थर येतो, बोटाने पुसला की जातो पण आठवड्यात परत. टँक नवीन आहे. (डोंबिवली)

डायटम आहेत. नव्या टँकमध्ये बहुतेकदा येतात, थोड्या दिवसांत आपोआप कमी होतात. तोपर्यंत लाइट सहा ते आठ तासच चालू ठेवा, माशांना खाणं कमी टाका, मऊ कापडाने पान पुसत राहा, दोन-चार गोगलगायी सोडल्या तरी चालेल. औषध नको. आणि टँकमधली झाडं किंवा गोगलगायी नको झाल्या तर जवळच्या तलावात किंवा नाल्यात अजिबात टाकू नका.

प्रश्न : मी ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवतो. गावाजवळच्या तलावावर मुलांकडून याचा छोटा प्रोजेक्ट करून घ्यायचाय. खर्च कमीत कमी, पण काम खरं व्हायला पाहिजे. कसं करावं? (सातारा जिल्हा)

सर, नक्की करा आणि दिवाळीनंतर सुरू करा. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, गाळ बसला की नोव्हेंबरपासून उजेड खाली पोचायला लागतो आणि झाडं-शेवाळ दोन्ही जोर धरतात.

जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापा, समजा ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटर, दोन्ही बाजू धरून ५० चौरस सेंटिमीटर होतात. पॉलिश पेपरने थोड्या खरबरीत करा. दोरीला वेगवेगळ्या खोलीवर बांधा, खाली दगड, वर रिकामी बाटली तरंगती, आणि दोऱ्या दोन ठिकाणी लावा, एक झाडांमध्ये आणि एक मोकळ्या पाण्यात. तीन-चार आठवडे ठेवा. पाण्यात उतरायचं काम पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाने करायचं, मुलांनी काठावर, हे मात्र सक्तीने पाळा.

पट्टी काढल्यावर ती हळूच, हवेत फार वेळ न ठेवता, तलावाचंच गाळून घेतलेलं पाणी भरलेल्या बाटलीत टाका. तीन बाटल्या लागतात, एक लगेच मोजायची, एक उजेडात ठेवायची, एक काळ्या कापडात किंवा फॉइलमध्ये गुंडाळून. उजेडातली आणि अंधारातली दोन्ही तलावातच, पट्टी जिथे होती त्या खोलीला, तीन तास सकाळी दहा ते एक ठेवा. नुसत्या पाण्याची, बिनपट्टीची एक जोडी पण ठेवा म्हणजे पाण्यातल्या शेवाळाचा वाटा वजा करता येईल. ऑक्सिजन विंकलर पद्धतीने (रसायनं घालून टायट्रेशन करून) मोजा, तुमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये त्यातलं बरंचसं सामान असेलच. बाटलीत बुडबुडे दिसायला लागले तर वेळ कमी करा, कारण बुडबुड्यातला ऑक्सिजन मोजणीत येत नाही.

हिशेब असा. समजा पट्टीच्या बाटल्यांत पाण्याचा वाटा वजा केल्यावर उजेडातली आणि अंधारातली यांच्यात लिटरला ४ मिलिग्रॅम ऑक्सिजनचा फरक आला. बाटली अर्ध्या लिटरची, म्हणजे २ मिलिग्रॅम. त्याला ०.३७५ ने गुणलं की कार्बन, ०.७५ मिलिग्रॅम. हा ५० चौरस सेंटिमीटरवर तीन तासांत तयार झाला, म्हणजे एका चौरस मीटरला १५० मिलिग्रॅम, तासाला ५० मिलिग्रॅम. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमचे वेगळे येतील आणि वेगळेच यायला हवेत. नंतर थर खरवडून, वाळवून, वजन करा, मग मुलांना वजन आणि उत्पादन शेजारी शेजारी लिहायला लावा, मोकळ्या पाण्यातल्या आणि झाडांमधल्या दोरीचं वेगळं.

थोडासा थर स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली चित्रं काढून घ्या, नावं नाही आली तरी चालेल, सपाट, देठावरचे, धाग्यांचे अशा तीन गटांत मोजलं तरी पुरे. प्रत्येक वेळी तारीख, खोली, आभाळ होतं का ऊन, आणि पट्टीवर गोगलगायी किती होत्या ते वहीत लिहायचं. वर्षभर चालू ठेवलंत तर आकडे इकडे पाठवा, सदरात मुलांच्या वर्गाच्या नावाने छापू.